ख्रिस्ती विचारातील मैत्री आणि त्यागनिष्ठा : योनाथान-दावीद कथेच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मैत्री हा सर्व संस्कृतींनी गौरविलेला मानवी संबंध आहे. रक्ताचे नाते जन्माने लाभते, विवाहसंबंधाला समाजाची व कायद्याची चौकट असते. मैत्रीला मात्र अशी कोणतीही चौकट नाही. मित्राला वारसाहक्क नसतो, त्याच्यासाठी सुतक पाळले जात नाही, आणि त्याने साथ सोडली तर त्याच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. म्हणूनच मित्रासाठी माणूस जी झीज सोसतो ती सर्वस्वी स्वेच्छेची असते. या स्वेच्छेच्या झिजेला ख्रिस्ती धर्मविचारात महत्त्वाचे स्थान आहे.

या विषयाची चर्चा होते तेव्हा योहानकृत शुभवर्तमानातील एक वचन (१५:१३) हटकून पुढे येते. आपल्या मित्रांसाठी प्राण देणे यापेक्षा मोठी प्रीती नाही, असा त्याचा आशय आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील असंख्य युद्धस्मारकांवर हे वचन कोरले गेले. याचा एक परिणाम असा झाला, की त्याग म्हणजे मरण हे समीकरण रूढ झाले. परंतु बायबलमधील मैत्रीच्या कथा बारकाईने वाचल्या असता वेगळे चित्र दिसते. तेथे मित्रासाठी मरणाऱ्यांपेक्षा मित्रासाठी आपला रास्त हक्क सोडून देणारे अधिक लक्ष वेधून घेतात. प्रस्तुत लेखात या हक्कत्यागाच्या अंगाने ख्रिस्ती मैत्रीविचाराचा परामर्श घेतला आहे. जुन्या करारातील योनाथान आणि दावीद यांची कथा त्यासाठी केंद्रस्थानी मानली आहे.

तलवारीचे मोल

शौल हा इस्राएलाचा पहिला राजा आणि योनाथान त्याचा ज्येष्ठ पुत्र. तो केवळ राजपुत्र नव्हता. मिखमाशाच्या खिंडीत एका शस्त्रवाहकाला सोबत घेऊन, हातापायांनी कडा चढून त्याने पलिष्ट्यांच्या ठाण्यावर हल्ला केला होता (१ शमुवेल १४). लोकांचे त्याच्यावर इतके प्रेम होते, की बापाने नकळत मोडलेल्या शपथेपायी त्याला देहान्ताची शिक्षा सुनावली तेव्हा सैन्याने आडवे येऊन त्याला वाचविले. सिंहासनावर त्याचा हक्क होता आणि त्या हक्काला साजेसे कर्तृत्वही होते.

अशा योनाथानासमोर गल्याथाला मारून आलेला मेंढपाळाचा पोर उभा राहतो. त्या भेटीतच योनाथानाचा जीव दाविदाच्या जिवाशी जडला, असे कथा सांगते (१८:१-४). योनाथान त्याच्याशी करार करतो आणि आपला झगा, चिलखत, तलवार, धनुष्य व कमरपट्टा त्याला देऊन टाकतो. वरवर पाहता हे विजयी वीराला दिलेले पारितोषिक वाटते. पण काही प्रकरणे मागे जाऊन पाहिले तर या देण्याचे खरे मोल कळते. त्या काळी इस्राएलात लोहारच नव्हता. इब्री लोकांनी शस्त्रे घडवू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी ही बंदी घातली होती, आणि एका युद्धप्रसंगी तर संपूर्ण सैन्यात केवळ शौल आणि योनाथान या दोघांकडेच तलवार होती, अशी नोंद आहे (१३:१९-२२). अशा दुर्मीळ शस्त्रासह राजपुत्राचा झगा दुसऱ्याच्या अंगावर चढविणे म्हणजे आपला वारसा त्याच्या हाती ठेवण्यासारखे होते. थोड्या वेळापूर्वी शौलानेही आपले चिलखत दाविदाला देऊ केले होते, ते दाविदाने उतरवून ठेवले होते (१७:३८-३९). पुत्राने दिलेले मात्र त्याने घेतले. कथाकार यावर कसलेही भाष्य करीत नाही. इब्री कथनाची ही नेहमीची रीत होय.

येथे 'करार' हा शब्द मराठी वाचकाला थोडा कोरडा वाटण्याची शक्यता आहे, कारण व्यवहारात तो भाडेकरार किंवा खरेदीखत यांच्या आसपास वावरतो. मूळ इब्री 'बेरीत' या शब्दात शपथ, देवाची साक्ष आणि पिढ्यान्पिढ्यांचे बंधन हे तिन्ही अर्थ आहेत. 'आणभाक' हा मराठी शब्द त्याला अधिक जवळचा आहे. या आणभाकेतून जे वर्तन अपेक्षित असते त्यासाठी इब्रीत 'हेसेद' असा शब्द आहे. मराठी बायबलमध्ये स्तोत्र १३६ मध्ये तो 'दया' म्हणून येतो. तथापि दया ही वरून खाली होते. हेसेदमध्ये दिलेल्या शब्दाला जागणे आणि त्या शब्दापलीकडे जाऊन माया करणे हे दोन्ही अंतर्भूत आहे. देवाच्या इस्राएलावरील निष्ठेसाठी जो शब्द वापरला जातो, तोच शब्द योनाथान मित्राकडून अपेक्षिलेल्या वागणुकीसाठी वापरतो (२०:१४-१५), ही बाब लक्षणीय आहे.

काही अभ्यासकांनी या मैत्रीचे राजकीय वाचन केले आहे. विल्यम मोरान यांनी १९६३ मध्ये असे दाखवून दिले, की प्राचीन पश्चिम आशियातील तहनाम्यांत 'प्रेम करणे' हा शब्द राजनिष्ठेच्या अर्थाने येतो. त्या आधारे पुढे योनाथानाचे प्रेम म्हणजे भावी राजाला दिलेली मान्यता होय, असे मांडले गेले. इतर काहींनी या नात्यात प्रणयभाव पाहिला आहे. या मतांचा सविस्तर परामर्श घेणे येथे शक्य नाही. मात्र राजकीय वाचनाने त्यागाचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. योनाथानाला आपण काय सोडत आहोत याची पूर्ण कल्पना होती, हेच त्यातून सिद्ध होते.

पिता आणि मित्र

पुढे शौलाच्या मनात मत्सर शिरतो आणि दाविदाला ठार मारावे असे तो आपल्या पुत्रालाच सांगतो (१९:१). आता योनाथानासमोर खरा पेच उभा राहतो. ज्येष्ठ पुत्राची निष्ठा बापाशी, प्रजाजनाची निष्ठा राजाशी आणि मित्राची निष्ठा मित्राशी. या तिन्हींचे मार्ग येथे फुटतात.

त्याने काय केले हे पाहण्यासारखे आहे. प्रथम तो मित्राला सावध करतो, नंतर उघडपणे पित्यापुढे जाऊन दाविदाची बाजू मांडतो. निरपराध्याचे रक्त सांडून पाप करू नये, असे तो राजाला सुनावतो आणि शौलाचे मन काही काळ वळतेही. पुढे अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाच्या मेजवानीत दाविदाची जागा रिकामी दिसते तेव्हा शौलाचा संताप उफाळून येतो. इशायाचा पुत्र जिवंत असेपर्यंत तुझे राज्य स्थिर व्हायचे नाही, असे तो मुलाला बजावतो (२०:३१). बापाचे हे म्हणणे चुकीचे नव्हते, ही या प्रसंगातील बोचरी गोष्ट आहे. शौल वेडाच्या भरात असला तरी हिशेब बरोबर करीत होता. योनाथानाने तो हिशेब ऐकला आणि नाकारला. त्यावर बापाने त्याच्याच अंगावर भाला उगारला. योनाथान जेवणावरून उठला. दुसऱ्या दिवशी पोराला बाण गोळा करायला लावून त्याने ठरलेली खूण दिली आणि दाविदाला पळून जाण्यास वाट करून दिली.

या दोघांची शेवटची भेट जीफच्या रानात होते (२३:१६-१८). राजाचे सैनिक दाविदाच्या मागावर असताना योनाथान तेथे जाऊन त्याला देवाच्या नावाने धीर देतो. तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन, असे तो म्हणतो. मग दावीद रानातच राहतो आणि योनाथान आपल्या घरी परततो.

हे परतणे अनेक वाचकांना खटकते. दाविदाच्या बाजूला योग्यता होती, देवाचा कौलही होता. मग योनाथान त्याच्या पक्षात का सामील झाला नाही? कथेत उत्तर दिलेले नाही, परंतु त्याच्या एकूण वर्तनावरून ते काढता येते. मित्रासाठी त्याने सिंहासन सोडले, बापाला सोडले नाही. बापाच्या अन्यायात त्याने भाग घेतला नाही. पलिष्ट्यांशी लढताना मात्र तो बापाच्या बाजूला उभा राहिला आणि गिलबोवाच्या डोंगरावर त्याच्यासह पडला (३१:१-६). म्हणजे योनाथान मित्रासाठी मेला नाही. तो मेला पित्याच्या लढाईत. मैत्रीतील त्यागाचे आदर्श उदाहरण म्हणून ज्याचे नाव शतकानुशतके घेतले जाते त्याच्या बाबतीत हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

मराठी वाचकाला येथे कर्णाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) कर्ण-दुर्योधन मैत्री घरोघरी पोहोचविली. महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो तेव्हा कर्णही ते नाकारतो. त्यामुळे राज्यत्याग हा दोन्ही कथांतील समान धागा आहे. फरक निष्ठेच्या उगमात आहे. अपमानाच्या क्षणी दुर्योधनाने अंगदेशाचे राज्य दिले, त्या उपकाराची फेड कर्ण आयुष्यभर करतो. योनाथानावर दाविदाचे असे कोणतेही वैयक्तिक ऋण नव्हते. देणे त्याच्याकडूनच सुरू होते. दुसरा फरक असा, की कर्णाची निष्ठा त्याला मित्राच्या अधर्मात ओढून नेते, तर योनाथान ज्याच्याशी रक्ताने बांधलेला आहे त्याच्याही अधर्माला तोंडावर विरोध करतो. कर्णाची शोकात्मता यामुळे उणी ठरत नाही. केवळ निष्ठेची तीव्रता पाहून तिचे मोल ठरविता येत नाही, एवढेच या तुलनेतून सूचित होते.

मागे राहिलेल्याचे देणे

योनाथानाचे प्रेम कथेत वारंवार सांगितले आहे. दाविदाच्या मनाविषयी मात्र कथाकार बराच काळ मौन पाळतो. विरहाच्या प्रसंगी तो अधिक रडला एवढे कळते, आणि योनाथानाच्या मृत्यूनंतरच्या विलापगीतात (२ शमुवेल १) त्याचे दुःख प्रथम मोकळे होते. निष्ठेचे पारडे समसमान नव्हते. त्यामुळे जो जिवंत राहिला आणि राजा झाला त्याने आणभाक कितपत पाळली, हा प्रश्न या कथेचा खरा उत्तरार्ध होय. प्रवचनांतून तो सहसा अर्धाच सांगितला जातो.

योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ गिलबोवाच्या पराभवाच्या वेळी पाच वर्षांचा होता. बातमी ऐकून दाई त्याला घेऊन पळाली, तेव्हा तो पडून दोन्ही पायांनी अधू झाला (४:४). नवा राजा जुन्या राजघराण्याचे वंशज शोधू लागला की त्याचा अर्थ त्या काळी सर्वांना ठाऊक असे. दाविदाने मात्र योनाथानाप्रीत्यर्थ हेसेद करता यावे म्हणून शोध घेतला. त्याने मफीबोशेथाला शौलाची सर्व शेतजमीन परत दिली आणि आपल्या पंक्तीला कायमचे बसविले (अध्याय ९).

येथवरची कथा परिचित आहे. पुढे अबशालोमाच्या बंडात दावीद यरुशलेम सोडून पळत असताना मफीबोशेथाचा कारभारी सीबा येऊन धन्यावर राजद्रोहाचा आळ घेतो आणि दावीद चौकशी न करता सगळी जमीन सीबाला देऊन टाकतो (१६:१-४). राजा परत आल्यावर मफीबोशेथ त्याला सामोरा येतो. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढी नीट केली नव्हती, वस्त्रे धुतली नव्हती. तो आपली बाजू सांगतो. यावर दावीद सत्याचा छडा लावीत नाही. जमीन दोघांत वाटून घ्या, असा कंटाळलेल्या माणसाचा निवाडा देतो. मफीबोशेथ म्हणतो, सगळीच त्याला घेऊ द्या, राजा सुखरूप घरी आला एवढे पुरे (१९:२४-३०). बापाने राज्य सोडले होते; मुलगा शेत सोडतो. आणभाकेची लाज राजाने राखली असेल, पण तिचा आत्मा त्या क्षणी अधू मुलाकडे होता, असे म्हणावे लागते.

तरीही दावीद शपथ पूर्णपणे विसरला नाही. गिबोनकरांनी शौलाच्या वंशातील सात पुरुष मागितले तेव्हा त्याने मफीबोशेथाला वगळले (२१:७). इतर सातजण मात्र मारले गेले. एका मित्राला दिलेला शब्द त्याच्या मुलाला वाचवितो, शब्दाबाहेरच्यांना वाचवीत नाही. मैत्रीच्या निष्ठेची ही मर्यादा बायबलने लपविलेली नाही.

दासांना मित्र म्हणणारा गुरू

नव्या करारात ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न दिसतो. मित्रासाठी प्राण देण्याची कल्पना येशूच्या काळी नवीन नव्हती. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात सज्जन मनुष्य मित्रांसाठी व देशासाठी प्रसंगी प्राणही देतो असे म्हटले आहे. धन आणि मानही तो मित्रांसाठी सोडतो. परंतु ॲरिस्टॉटलच्या मते फार मोठे अंतर असलेल्यांत मैत्री टिकत नाही, आणि देव व मानव यांच्यात तर ती संभवतच नाही. योहानाच्या पंधराव्या अध्यायात नेमके हेच अंतर मिटविले जाते. येशू शिष्यांना म्हणतो, की यापुढे तो त्यांना दास म्हणणार नाही, मित्र म्हणेल. कारण धनी काय करतो ते दासाला ठाऊक नसते, आणि त्याने तर पित्याकडून ऐकलेले सर्व त्यांना सांगितले आहे. धन्याचा हक्क येथे धनी स्वतः सोडतो. तेराव्या अध्यायात त्याने शिष्यांचे पाय धुतलेले असतात, हा संदर्भही विसरता कामा नये.

हे शब्द कोणाला उद्देशून आहेत हेही पाहावे. त्याच रात्री पेत्राने तुझ्यासाठी प्राण देईन असे सांगितले होते, आणि कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील असे उत्तर त्याला मिळाले होते (१३:३७-३८). म्हणजे येशू मित्र म्हणतो तो पळून जाणाऱ्यांना. अटकेच्या वेळी त्याचे मागणे एकच असते : मी हवा असेन तर यांना जाऊ द्या (१८:८). मत्तयाच्या शुभवर्तमानात तर धरून देणाऱ्या यहूदालाही तो मित्र म्हणून संबोधतो (२६:५०). तेथील ग्रीक शब्द जिवलगासाठी नसून सोबत्यासाठी आहे, त्यात थोडा दुरावा आहे. पण नाते तोडल्याची भाषा नाही.

याच शुभवर्तमानातील लाजराची कथाही मैत्रीच्या अंगाने वाचावयास हवी. यहूदियात दगडमार होण्याचा धोका असताना आपला मित्र लाजर निजला आहे असे सांगून येशू तिकडे निघतो. थोमा हताशपणे इतरांना म्हणतो, की आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ (११:१६). लाजर जिवंत होतो आणि त्याच घटनेमुळे न्यायसभा येशूला मारण्याचा निश्चय करते (११:५३). एका मित्राच्या प्राणाची किंमत कोणी मोजली, हे योहान येथे कथेच्या रचनेतूनच सांगतो.

मैत्री की शेजारप्रीती?

ख्रिस्ती परंपरेत मैत्रीविषयी एक जुना संशयही आहे. ख्रिस्ताने शेजाऱ्यावर, इतकेच नव्हे तर वैऱ्यावरही प्रीती करण्यास सांगितले. मैत्री तर निवडक असते. डॅनिश विचारवंत किर्केगार्द याने 'प्रेमाची कृत्ये' (१८४७) या ग्रंथात मैत्री ही आवडीनिवडीवर आधारलेली असल्याने तिच्यात स्वप्रेम दडलेले असते, असा आक्षेप घेतला. गिबोनकरांच्या प्रसंगी वगळलेला एक आणि मारलेले सात आठवले की या आक्षेपातील धार जाणवते.

याउलट बाराव्या शतकात इंग्लंडमधील रिवो येथील मठाधिपती एलरेड याने 'आध्यात्मिक मैत्री' या लॅटिन संवादग्रंथात मैत्रीची बाजू मांडली. मित्र निवडावा, पारखावा, मगच स्वीकारावा. पण एकदा स्वीकारल्यावर त्याचे दोष सोसावेत, असे त्याचे प्रतिपादन आहे. प्रीती सर्वांवर करावयाची, मात्र मन सर्वांजवळ उघडे करता येत नाही, हा त्याचा व्यवहारी विवेक आजही पटण्यासारखा आहे. किर्केगार्दच्या आक्षेपाला एखाद्या सिद्धान्ताने पूर्ण उत्तर मिळेल असे वाटत नाही. मित्रासाठी सोडलेल्या हक्काचा लाभ त्या मित्रापुरताच राहतो की त्याच्यापलीकडच्यांनाही पोहोचतो, हे प्रत्यक्ष उदाहरणातूनच तपासावे लागते. भारतीय ख्रिस्ती इतिहासातील एक उदाहरण या दृष्टीने पाहता येईल.

दिल्ली, १९०६

केंब्रिज मिशनने १८८१ मध्ये दिल्लीत सेंट स्टीफन्स महाविद्यालय स्थापन केले. सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक १८८६ पासून तेथे अध्यापन करीत होते. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हे केंब्रिजचे तरुण धर्मगुरू १९०४ मध्ये तेथे आले. दोघांच्या वयात दहा वर्षांचे अंतर होते. भारताकडे पाहण्याची आपली दृष्टी रुद्र यांच्या सहवासात घडली, हे अँड्र्यूज यांनी पुढे कृतज्ञतेने मान्य केले.

१९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले. तोवरचे सर्व प्राचार्य इंग्रज मिशनरी होते आणि शासक जातीच्या माणसाला डावलून भारतीयाची नेमणूक करणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. अँड्र्यूज यांच्याकडे ते पद सहज चालून येण्यासारखे होते. त्यांनी ते नाकारले आणि या पदावर रुद्र यांचाच हक्क आहे, असा आग्रह धरला. रुद्र प्राचार्य झाले. अशा मोठ्या मिशनरी महाविद्यालयात भारतीय प्राचार्य असणे ही त्या काळी विलक्षण घटना होती. अँड्र्यूज १९१४ पर्यंत त्यांच्या हाताखाली काम करीत राहिले. हा त्याग एका दिवसाचा नव्हता, रोजच्या कामकाजातला होता. त्यातून केवळ एका मित्राचा मान राखला गेला नाही, एका संस्थेचे दार भारतीयांसाठी उघडले.

१९१३ च्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विनंतीवरून अँड्र्यूज आपले सहकारी पिअर्सन यांच्यासह दक्षिण आफ्रिकेला गेले. जानेवारी १९१४ मध्ये दरबानच्या धक्क्यावर त्यांनी गांधींना वाकून नमस्कार केला, आणि तेथील गोऱ्या समाजाचा रोष ओढवून घेतला. गांधी भारतात परतल्यावर १९१५ पासून दिल्लीत रुद्र यांच्याच घरी उतरत असत. खिलाफतीच्या प्रश्नावर व्हाइसरॉयला लिहिलेल्या खुल्या पत्राचा मसुदा रुद्र यांच्या घरीच तयार झाला, अशी नोंद गांधींनी रुद्र यांच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये 'यंग इंडिया'त केली. सरकारी मान्यतेवर व अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्याने हे छत्र देणे म्हणजे आपले पद पणाला लावणेच होते.

या मैत्रीत मतभेद दडपले गेले नाहीत. १९१८ मध्ये गांधी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरू लागले तेव्हा अँड्र्यूज यांनी अहिंसेच्या पुरस्कर्त्याला हे शोभत नाही, असे कळविले. १९२१ मध्ये विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. कापड जाळणे आणि त्या ज्वाळांत वंशद्वेषाला वाव देणे त्यांना असह्य झाले. त्यांनी गांधींना तसे पत्र लिहिले. गांधींनी ते पत्र 'यंग इंडिया'त छापले आणि त्याखाली आपले उत्तर दिले. होळ्या थांबल्या नाहीत. अँड्र्यूज यांचे साबरमतीला येणेही थांबले नाही.